निर्बंध की युद्ध? औषध निर्यातीच्या टेबलावरून पाहिलेली तुलना

‘बॉम्ब टाकण्यापेक्षा निर्बंध परवडले’ म्हणणारे आणि ‘निर्बंध म्हणजे युद्धच, फक्त आवाज न करणारं’ म्हणणारे, दोघांशीही वाद घालणं अवघड आहे, कारण दोघांकडे खरे दाखले आहेत. पण कधीतरी एका बाजूला हात वर करावाच लागतो. कॉलेजच्या वादविवाद स्पर्धेत बाजू निवडायची असते, एखाद्या निवेदनावर सही मागितली जाते, किंवा रात्री बातम्या बघताना स्वतःपुरतं मत ठरवायचं असतं. मी मुंबईतून औषधं निर्यात करणाऱ्या एका कंपनीत डॉक्युमेंटेशनचं काम बघत असे. इराकला निर्बंधांच्या काळात माल पाठवला, युद्ध झाल्यावरही पाठवला, पुढे इराणचं काम आलं. त्यामुळे माझं मत अभ्यासकाचं नव्हे, माल दवाखान्यापर्यंत पोचला की नाही एवढंच बघणाऱ्याचं आहे. त्या मर्यादेत ते वाचावं.

तुलनेसाठी इराकच घेतो. एकाच देशातल्या एकाच पिढीनं दोन्ही भोगलं, असं उदाहरण दुसरं सहजी सापडत नाही. ऑगस्ट १९९० मध्ये सद्दाम हुसेननं कुवेत गिळलं आणि चारच दिवसांत, ६ तारखेला, सुरक्षा परिषदेनं ठराव ६६१ करून इराकचा जवळजवळ सगळा व्यापार बंद केला. जानेवारी १९९१ मध्ये बॉम्बफेक सुरू झाली, फेब्रुवारीअखेर थांबली. निर्बंध मात्र थांबले नाहीत, ते मे २००३ पर्यंत राहिले. आणि ते उठले तेही मार्च २००३ मधल्या दुसऱ्या युद्धानंतर.

इथेच पहिली अडचण येते. दोन्हींचे हिशेब एकमेकांत गुंतलेले आहेत. १९९१ च्या बॉम्बफेकीत वीजकेंद्रं गेली. वीज गेली म्हणून पाण्याचे पंप बंद पडले, सांडपाणी नदीत गेलं. त्या वर्षी मार्चमध्ये संयुक्त राष्ट्रांचे मार्ती अहतिसारी पाहणी करून आले आणि त्यांनी लिहिलं की देश औद्योगिक युगाच्या आधीच्या काळात ढकलला गेलाय. मोडलं युद्धानं, पण पुढची कित्येक वर्षं ते दुरुस्त होऊ दिलं नाही निर्बंधांनी. पंपाचा सुटा भाग आणि पाण्यात घालायचा क्लोरिन, दोन्ही लष्करी कामाला वापरता येतील या शंकेनं रखडायचे. म्हणून त्या दशकातल्या अतिसाराचे सगळे बळी एकाच खात्यावर टाकणारा, मग तो कुठल्याही बाजूचा असो, मला पटत नाही.

दुसरी अडचण आकड्यांची. स्पर्धेत उतरणाऱ्यांनी हे नीट वाचावं, कारण समोरचा इथेच पकडतो. निर्बंधांनी पाच लाख मुलं मारली, हे वाक्य आपण सगळ्यांनी ऐकलंय. १९९६ मध्ये संयुक्त राष्ट्रांतल्या अमेरिकेच्या राजदूत मॅडलिन ऑल्ब्राइट यांना दूरचित्रवाणीवर याच आकड्याबद्दल विचारलं, तेव्हा एवढी किंमत मोजणं योग्यच आहे असं आम्हाला वाटतं, असं त्या म्हणाल्या. नंतर त्यांनी त्याबद्दल खेद व्यक्त केला, पण वाक्य इतिहासात राहिलं. १९९९ मध्ये युनिसेफच्या पाहणीत मध्य आणि दक्षिण इराकमध्ये पाच वर्षांखालच्या मुलांचा मृत्युदर हजारी ५६ वरून १३१ वर गेल्याचं आलं आणि त्या आकड्यावर शिक्का बसला. मात्र सद्दामची राजवट गेल्यावर ज्या पाहण्या झाल्या त्यांत एवढी मोठी उडी दिसली नाही, आणि २०१७ मध्ये एका ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात दोन अभ्यासकांनी स्पष्ट लिहिलं की १९९९ चे आकडे इराक सरकारनं फिरवलेले होते. युद्धाच्या बाजूलाही हेच. २००६ मधला ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाचा साडेसहा लाख मृत्यूंचा अंदाज वादात सापडला, ‘इराक बॉडी काउंट’ या गटानं एकेका बातमीवरून नोंदवलेले नागरिकांचे मृत्यू आजवर दोन लाखांच्या आसपास आहेत. दोन्हीकडचे गाजलेले आकडे मी बाजूला ठेवतो. त्यांच्याशिवायही पुरेसं दिसतं.

आता निर्बंधांची बाजू, जी मी जास्त वर्षं जवळून पाहिली.

आपल्याकडे निर्बंध म्हटलं की १९९८ आठवतं. पोखरणच्या स्फोटांनंतर अमेरिकेनं निर्बंध लावले, तीनेक वर्षांत उठवले, आणि सर्वसामान्य माणसाच्या ताटातलं काही कमी झालं नाही. त्याआधी तारापूरच्या अणुभट्ट्यांचं इंधन अमेरिकेनं अडवलं, तेव्हा फ्रान्सकडून आलं. या अनुभवामुळे निर्बंध म्हणजे थोडी गैरसोय, असा आपला समज होतो. इराकची गोष्ट वेगळी होती. ज्या देशाची कमाई जवळजवळ सगळी तेलाची आणि खाणं मोठ्या प्रमाणात बाहेरून येणारं, त्याचं तेलच विकू दिलं नाही तर महिन्याभरात घराघरात कळतं. दिनार कोसळला, शिक्षक आणि प्राध्यापक घरातली पुस्तकं विकायला बसले, आणि सरकारी रेशन हाच जगण्याचा आधार झाला. रेशन कार्ड सद्दामच्या हातात. म्हणजे ज्याचे हात बांधायचे होते, त्याच्याच हातात प्रत्येक घराचं पीठ, तांदूळ, तेल, साखर गेलं. निर्बंधांचा हा दोष मला सगळ्यांत मोठा वाटत आलाय. उपाशी माणूस राजाविरुद्ध उठत नाही, रांगेत उभा राहतो.

१९९५ च्या ठराव ९८६ मधून ‘तेलाच्या बदल्यात अन्न’ योजना आली. पहिलं धान्य पोचायला मार्च १९९७ उजाडलं. तेलाचे पैसे न्यूयॉर्कमधल्या एका बँक खात्यात जमा व्हायचे. सुरुवातीला त्यातले ३० टक्के कुवेतच्या युद्धात नुकसान झालेल्यांना भरपाई म्हणून जात. कुवेतमधून सगळं सोडून परतलेल्या भारतीय कुटुंबांना पुढे जी भरपाई मिळाली, ती याच पैशांतली. मध्य आणि दक्षिण भागाला ५३ टक्के, उत्तरेच्या कुर्द भागाला १३. माल पाठवणाऱ्याला पैसे मिळायचे ते सरहद्दीवर नेमलेल्या तपासनीसानं माल आल्याची खात्री केल्यावर. उम्म कस्र बंदर, जॉर्डनकडून आलं तर त्रेबिल. कागद पक्का असेल तर पैसे बुडत नसत, हे मी आवर्जून सांगतो.

आधी मंजुरी मात्र लागायची. कंत्राट न्यूयॉर्कला सुरक्षा परिषदेच्या निर्बंध समितीकडे जायचं आणि समितीतल्या कुठल्याही एका सदस्य देशानं ‘होल्ड’ म्हटलं की तिथेच बसायचं. कारण द्यायचं बंधन फारसं नव्हतं. २००२ च्या सुरुवातीला सुमारे ५ अब्ज डॉलरची कंत्राटं अशी अडकून होती. योजनेचे इराकमधले प्रमुख डेनिस हॅलिडे यांनी १९९८ मध्ये राजीनामा दिला, त्यांच्या जागी आलेल्या हान्स फॉन स्पोनेक यांनी २००० मध्ये. आतल्याच दोन वरिष्ठांनी हे आपल्याच्यानं होणार नाही म्हणून पद सोडावं, याचं वजन कुठल्याही पाहणीपेक्षा मला जास्त वाटतं. शिवाय योजनेतही वाटा खाल्ला गेलाच. इराकी बाजू कंत्राटावर वरचे दहा टक्के मागायची, दोन हजारांहून जास्त कंपन्यांनी दिले, आणि या लाचखोरीची चौकशी केलेल्या २००५ च्या व्होल्कर अहवालानंतर त्याचे हादरे दिल्लीच्या परराष्ट्र मंत्रालयापर्यंत बसले.

इराणच्या वेळी प्रत्येक कंत्राट मंजूर करणारी समिती नव्हती, तरी त्रास वाढला. अमेरिकेच्या निर्बंधांत औषधांना सूट होती. ती आजही कागदावर आहे. पण २०१२ मध्ये इराणच्या बँका स्विफ्टमधून, म्हणजे बँकांच्या आंतरराष्ट्रीय संदेशांच्या जाळ्यातून, बाहेर काढल्या गेल्यावर पैसे यायचा रस्ताच राहिला नाही. आमच्याकडे कर्करोगावरच्या इंजेक्शनची एक ऑर्डर होती. औषध सूट असलेलं, पार्टी जुनी, एका खाजगी रुग्णालयाला माल पुरवणारी. बँकेच्या कंप्लायन्सवाल्यांनी, म्हणजे नियमपालन तपासणाऱ्यांनी, आधी जहाजाचा मालक कोण ते विचारलं, मग बंदर अब्बासला माल कुठल्या गोदामात उतरणार ते, मग पार्टीच्या संचालकांची नावं. सगळं दिल्यावर उत्तर आलं की बँकेच्या धोरणानुसार हा व्यवहार करता येणार नाही. कोणत्या नियमानुसार, हे लिहिलेलं नव्हतं. तसा नियमच नव्हता. अमेरिकेच्या दंडाच्या भीतीनं बँकेनं स्वतःहून दार लावून घेतलं होतं. तोवर बॅचची शेल्फ लाइफ इतकी खाली आली की पार्टीला ती घेता येईना. यूको बँकेतून रुपयांत व्यवहाराची सोय झाली तेव्हा श्वास घेता आला. तीही इराणच्या तेलाच्या पैशांवर चालायची, म्हणून मे २०१९ मध्ये भारतानं तेल घेणं थांबवल्यावर हळूहळू आटली. त्याच काळात त्वचेचा एक दुर्मीळ आजार असलेल्या इराणी मुलांना लागणारी खास ड्रेसिंग एका युरोपीय कंपनीनं पाठवणं थांबवलं. त्या मुलांची कातडी नुसत्या स्पर्शानं सोलली जाते, साध्या पट्टीनं जखम ओढली जाते. ड्रेसिंगवर बंदी कुणीही घातलेली नव्हती.

इथपर्यंत वाचून वाटेल की मी निर्बंधांच्या विरोधात आहे. पूर्णपणे नाही. ज्या गोष्टीनं माझं मत ठरलं ती युद्धाच्या बाजूची आहे, आणि वरवर पाहता ती किरकोळ तक्रार आहे.

एप्रिल २००३ मध्ये बगदाद पडलं आणि मंत्रालयं लुटली गेली, जाळली गेली. रुग्णालयांतून खाटा आणि यंत्रंसुद्धा उचलून नेली. मे महिन्यात ठराव १४८३ नं निर्बंध उठवले. कागदावर आता मोकळं रान होतं. न्यूयॉर्कची परवानगी नको, होल्ड नाही, सरहद्दीवरचा तपासनीस काही महिन्यांत जाणार. आणि आमच्या टेबलावर इराकची फाइल तशीच पडून. कारण फॅक्स कुणाला करायचा? ज्या खरेदी कार्यालयाच्या टेंडर क्रमांकावर सगळा पत्रव्यवहार चालायचा, तिथून काही दिवस नुसती फॅक्सची शिट्टी यायची, मग तीही बंद झाली. जुनी कंत्राटं संयुक्त राष्ट्रांच्या संस्थांमार्फत नव्यानं तपासून घ्यायची होती, पण त्यासाठी पलीकडून हा माल आम्हाला हवा आहे असं लिहून देणारं कुणीतरी लागतं. निर्बंधांच्या काळात तिथे एक खरेदी अधिकारी होते. इंग्रजी मोडकं, पण प्रत्येक पत्राला उत्तर. कंत्राट अडकलं की तेच आम्हाला सांगायचे की अमुक कागदावर हरकत आहे, रसायनाचं प्रमाण वेगळ्या पानावर लिहून पाठवा, कदाचित सुटेल. बऱ्याचदा सुटायचं. युद्धानंतर अम्मानमधल्या एका एजंटाकडून एवढंच कळलं की गोदाम रिकामं झालंय आणि ते गृहस्थ कामावर येत नाहीत. पुढे त्यांच्याविषयी काहीही समजलं नाही.

कागद अडतो तेव्हा तो कुठे अडलाय हे माहीत असतं. त्याच्यामागे लागता येतं, ओरडता येतं, वर्तमानपत्रात लिहिता येतं. हॅलिडे आणि फॉन स्पोनेक राजीनामे देऊन बोलू शकले, त्यांच्यासारख्यांच्या दबावातूनच मे २००२ मध्ये ठराव १४०९ आला आणि ठरावीक यादीबाहेरचा माल समितीला अडवता येईना. उशीर झाला, फार उशीर झाला, पण दुरुस्ती झाली, कारण दोन्ही टोकांना माणसं जागेवर होती. युद्धानं पलीकडचं टोकच नाहीसं केलं. ऑगस्ट २००३ मध्ये बगदादमधल्या संयुक्त राष्ट्रांच्या कचेरीवर ट्रकबॉम्ब आदळला, संयुक्त राष्ट्रांचे तिथले प्रमुख सर्जिओ व्हिएरा दि मेलो यांच्यासह २२ माणसं गेली, आणि मदतीची यंत्रणाही देशाबाहेर सरकली. २००४ मध्ये एका कुवेती कंपनीचे तीन भारतीय ट्रकचालक ओलीस धरले गेले, नशिबानं सुटले. त्यानंतर अम्मान-बगदाद रस्त्यानं २ ते ८ अंशांत ठेवायचं औषध पाठवायचं म्हटलं तर गाडी मिळेना, विमा मिळेना, आणि मिळाला तरी पोचल्यावर शीतगृहाला वीज असेल का हे कुणी सांगू शकत नव्हतं. पुढच्या तीन-चार वर्षांत डॉक्टरांना पळवून खंडणी मागण्याचे, त्यांना ठार मारण्याचे प्रकार सुरू झाले आणि मोठ्या संख्येनं डॉक्टर देश सोडून गेले. औषध मिळालं तरी लिहून द्यायला माणूस हवा.

माझा अनुभव एका कंपनीच्या टेबलापुरता आहे, हे मान्य. पण पोलिओचं उदाहरण बघा. लस बाटलीत असून भागत नाही; बर्फाची पेटी, गाडी, घरोघर जाणारी परिचारिका आणि दार उघडणारी आई, एवढी साखळी लागते. निर्बंध चालू असताना, हाल होत असताना, इराकमध्ये पोलिओचा शेवटचा रुग्ण २००० मध्ये नोंदला गेला. मग युद्ध, यादवी, शेजारी सीरियात पुन्हा युद्ध. २०१३ मध्ये सीरियात पोलिओ परतला, २०१४ मध्ये इराकमध्ये. निर्बंधांनी ती साखळी ताणली होती. तुटली ती युद्धात.

समोरच्या बाजूचा सर्वांत भक्कम मुद्दा मी टाळणार नाही. कुवेतला निर्बंधांनी सोडवलं नाही. साडेपाच महिने व्यापार बंद असूनही सद्दाम हलला नाही, त्याला सैन्यानं हलवलं. आणि आपल्या अगदी जवळचं म्हणजे १९७१. पूर्व पाकिस्तानातली कत्तल कुठल्या व्यापारबंदीनं थांबली असती असं मला वाटत नाही. डिसेंबरमधल्या तेरा दिवसांनी ती थांबवली आणि एक कोटी निर्वासितांना घरी जाता आलं. कत्तल चालू असेल, लढाईचं उद्दिष्ट छोटं आणि स्पष्ट असेल आणि जिंकल्यावर राज्य चालवायला तिथलीच माणसं तयार असतील, तर युद्धाचं पारडं जड होऊ शकतं. बगदादमध्ये २००३ मध्ये यातलं काहीच नव्हतं. आणि बहुतेक वेळा ज्या युद्धांसाठी आपला पाठिंबा मागितला जातो, ती ढाक्यापेक्षा बगदादसारखी जास्त असतात, असं माझं निरीक्षण आहे. इतरांचं वेगळं असू शकतं.

निर्बंधांच्या बाजूनं आणखी एक गोष्ट बोलते. ते उठवता येतात आणि उठवले की फरक दिसतो. जानेवारी २०१६ मध्ये अणुकरारानुसार इराणवरचे बरेच निर्बंध उठले, तेव्हा जुन्या पार्ट्यांचे मेल आपोआप येऊ लागले. तीच माणसं, तेच फोन नंबर, फक्त चौकशी मोठ्या ऑर्डरची. २०१८ मध्ये अमेरिका करारातून बाहेर पडली आणि पुन्हा सगळं आवळलं, हेही खरं. तरी पलीकडे माणूस होता. त्याच वर्षी इराण हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेला आणि ऑक्टोबरमध्ये न्यायालयानं औषधं, अन्न आणि विमानांच्या सुरक्षेचे सुटे भाग यांच्या वाटेतले अडथळे काढा असा अंतरिम आदेश अमेरिकेला दिला. तो किती पाळला गेला हे आमच्या बँकेच्या उत्तरांवरून कळत होतं. पण निदान दाद मागायला जागा होती, मागणारं सरकार होतं.

म्हणून माझा कौल निर्बंधांना. अगदी मनापासून द्यावा असा तो नाही, आणि सरसकट तर अजिबात नाही. दक्षिण आफ्रिकेसारखे निर्बंध असतील, जिथे ते सोसणाऱ्या लोकांचे नेतेच जगाला व्यापार तोडा म्हणून सांगत होते, तिथे मी न अडखळता हात वर करेन. भारतानं १९४६ मध्येच, इतर कुणाच्या आधी, तो व्यापार बंद केला होता. शस्त्रं, सत्ताधाऱ्यांची परदेशातली खाती, त्यांचे प्रवास यांवरच्या बंधनांनाही माझी हरकत नाही. सबंध देशाचं तेल आणि सगळ्या बँका एकदम बंद करणाऱ्या निर्बंधांबद्दल मात्र मी आधी दोन गोष्टी विचारीन. औषधाचे पैसे नेमक्या कोणत्या बँकेतून येणार, आणि त्या बँकेला दंड होणार नाही असं लेखी कुणी दिलंय का. डिसेंबर २०२२ मध्ये सुरक्षा परिषदेनं ठराव २६६४ करून आपल्या निर्बंधांतून मानवतावादी मदतीला सरसकट वाट ठेवली, हे चांगलं झालं. पण तो संयुक्त राष्ट्रांच्या निर्बंधांपुरता आहे, एखाद्या देशानं स्वतः लावलेल्यांना लागू नाही. निवेदन हातात आलं की त्यात ही बँकेची ओळ आहे का ते बघा, नसेल तर घालायला सांगा. सही त्यानंतर.